काउंटीतली शेतजमीन, सरकारी योजना आणि माती-पाण्यासाठीचा पैसा: सुरुवात कुठून करावी?

रानवारा

नमस्कार मंडळी. गेल्या हिवाळ्यात आम्ही अमेरिकेत, ओहायोच्या वायव्य भागात, फिंडलेच्या बाहेर, २३ एकर जमीन घेतली. त्यातले १५ एकर शेजारचे एक शेतकरी बऱ्याच वर्षांपासून खंडाने करतात, एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन. ते तसंच चालू ठेवायचं ठरवलंय, माणूस चांगला आहे. उरलेल्यात घर, थोडं जुनं रान आणि साधारण ४ एकरांचा तुकडा. त्यात आम्हाला भाजीपाला करायचाय: मेथी, भेंडी, वांगी, गवार. कोलंबसच्या आसपास आपल्या लोकांची वस्ती वाढली आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाची चिंता नाही.

चिंता जमिनीची आहे. पूर्वेच्या हद्दीने काउंटीचा (इथल्या जिल्ह्याचा) मोठा चर जातो. बर्फ वितळून वर पाऊस झाला की चराच्या कडेची माती ढासळते आणि शेतातलं पाणी गढूळ होऊन थेट चरात उतरतं. शिवाय मधला एक तुकडा पक्का चिबड आहे, मे उजाडला तरी वाफसा येत नाही.

यासाठी सरकारी मदत मिळते असं सगळे सांगतात, पण नेटवर शोधायला बसलं की इक्विप, सीएसपी, सीआरपी, हाय टनेल अशी नावं अंगावर येतात. काही साइट तर 'शेतकऱ्यांना मोफत अनुदान' म्हणून आधी आपल्याकडेच फी मागतात. आम्ही नवे, दोघांच्याही नोकऱ्या चालू. आम्ही यात बसतो का? पैसा मालकाला मिळतो की कसणाऱ्याला? आणि पहिल्यांदा कुणाच्या दारात जायचं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

मॉमीकाठ

रानवाराताई, अभिनंदन. मी तुमच्यापासून दोन काउंट्या पलीकडे आहे आणि बरीच वर्षं शेती करतो आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

फी मागणाऱ्या साइट आजच बंद करा. यूएसडीएच्या, म्हणजे केंद्राच्या कृषी खात्याच्या, कुठल्याही संवर्धन योजनेच्या अर्जाला पैसे पडत नाहीत.

योजनांची नावंही तूर्त बाजूला ठेवा. वर तुम्ही जे लिहिलंत, चराची कड ढासळते, माती वाहते, मधे चिबड आहे, तेच कागदावर उतरवा, चार फोटो काढा आणि फोन करून काउंटीच्या यूएसडीए सर्व्हिस सेंटरमध्ये जा. एनआरसीएसचे, म्हणजे त्या खात्याच्या माती-पाणी संवर्धन विभागाचे, लोक जमिनीचं दुखणं काय यावरून सुरुवात करतात. दुखणं स्पष्ट सांगितलंत की शेत पाहायला येतात, आराखडा काढून देतात, आणि त्या आराखड्यातल्या कुठल्या कामाला कुठल्या योजनेतून पैसा मिळेल ते तेच सांगतात. हा सल्ला आणि आराखडा फुकट असतो, पुढे अर्ज करा वा न करा. माझ्या मते पैशाइतकंच मोल या सल्ल्याला आहे, आणि लोक तोच वगळून थेट अनुदानाचा आकडा विचारतात.

बहुतेक ठिकाणी एकाच इमारतीत तीन दारं असतात. एफएसए म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सी: जमिनीच्या नोंदी, कर्जं, सीआरपी (जमीन पिकातून काढून राखल्याचं भाडं). एनआरसीएस: तांत्रिक माणसं, इक्विप (ठरावीक कामांच्या खर्चाला मदत) आणि सीएसपी (चालू शेतीत संवर्धन वाढवल्याचे पैसे). आणि तिथेच किंवा जवळपास काउंटीचा सॉइल अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट. हा केंद्राचा नाही, स्थानिक. ओहायोच्या ८८च्या ८८ काउंट्यांत आहे आणि त्याचं मंडळ निवडून येतं. राज्याचा पैसा बहुधा याच दारातून येतो.

पहिलं काम एफएसएकडे: फार्म नंबर. तुमचे खंडकरी पीक नोंदवत असतील तर जमिनीला नंबर आधीपासून असेल, पण मालक म्हणून जुनं नाव असेल. खरेदीखत आणि ओळखपत्र न्या, बदल नोंदवून घ्या. जमीन एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर असेल तर तिची कागदपत्रं आणि कुणाचा किती हिस्सा तेही लागतं. मग तीन फॉर्म. एडी-१०२६ म्हणजे धुपीला बळी पडणाऱ्या आणि पाणथळ जमिनीचे नियम पाळू असं लिहून देणं. सीसीसी-९४१ उत्पन्नाच्या मर्यादेसाठी, सरासरी समायोजित उत्पन्न ९ लाख डॉलरच्या आत हवं. सीसीसी-९०२ मध्ये शेती कोण करतं, पैसा आणि श्रम कुणाचे, ते लिहायचं. नोकरी आहे म्हणून कुणी बाद होत नाही. हे झालं की एनआरसीएसचा अर्ज, सीपीए-१२००. अर्ज वर्षभर घेतात, पण निवड ठरावीक तारखांना गुणांकनाने होते. यंदाची तारीख कोणती, ते विचारून घ्या. एफएसएची नोंदच पूर्ण नसेल तर चांगला अर्ज पुढच्या फेरीपर्यंत पडून राहतो. म्हणून आधी नोंद.

आणि ठळक अक्षरात: करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत कामाला हात लावू नका. कुंपण, टनेल, गवताचं बी, काहीही. आधी सुरू केलेल्या कामाला इक्विपचा पैसा मिळत नाही. कंत्राटदार 'या आठवड्यात मोकळा आहे' म्हणाला तरी थांबा.

अश्विनी_लँकेस्टर

मॉमीकाठ, वाचनखूण साठवली. एक शंका. काम करून झाल्यावर पैसे मिळतात असं ऐकलंय. मग सुरुवातीचा खर्च पूर्ण खिशातून?

मॉमीकाठ

साधारणपणे हो. काम एनआरसीएसच्या मानकाप्रमाणे पूर्ण झालं, त्यांनी येऊन मोजलं, की पैसा. तोही तुमच्या बिलाच्या टक्क्याने मिळत नाही. राज्याचं दरपत्रक असतं: कुंपणाच्या फुटाला इतके, आच्छादन पिकाच्या एकराला इतके. काम स्वस्तात झालं तरी तोच दर, महागात गेलं तरी तोच.

पण नवशेतकऱ्याला सवलत आहे. शेती सुरू करून १० वर्षं झाली नसतील तर इक्विपमध्ये दर चढा मिळतो आणि साहित्य घ्यायला किमान अर्धी रक्कम आगाऊ घेता येते. आगाऊ हवी हे कराराच्या वेळीच सांगावं लागतं. कमी उत्पन्नाच्या शेतकऱ्यांना आणि माजी सैनिकांनाही हे लागू आहे. पूर्वी वंशावर आधारित एक वेगळा वर्गही होता, त्यात आपण भारतीय बसायचो. तो २०२५ च्या जुलैमध्ये यूएसडीएने बंद केला. जुने लेख वाचून त्या भरवशावर राहू नका. रानवाराताईंना नवशेतकरी म्हणून मिळायला अडचण दिसत नाही.

हाय टनेल, म्हणजे प्लास्टिकने झाकलेला कमानींचा मांडव, याबद्दल: इक्विपच्या कामांच्या यादीत त्याचा क्रमांक ३२५ आहे. पिकं जमिनीतच लावायची, काँक्रीटच्या तळावर टेबलं मांडून नाही. मेथी-पालकाला तो फार चांगला, नोव्हेंबरातही पान मिळतं. मात्र छपरावरून पडणाऱ्या पाण्याची वाट आधी ठरवा. तुमच्या जमिनीत ते साचून राहील.

सुजाता_डी_मॉईन

मी आयोवात आहे, सीआरपीबद्दल लिहिते, कारण रानवाराच्या चराला तेच नीट बसेल असं वाटतं.

चराच्या कडेने गवताचा पट्टा राखायचा, त्याला फिल्टर स्ट्रिप म्हणतात. सीआरपीच्या 'कंटिन्युअस' प्रकारात यासाठी मोठ्या स्पर्धेच्या फेरीची वाट पाहावी लागत नाही. करार १० ते १५ वर्षांचा. दर वर्षी त्या पट्ट्याचं भाडं मिळतं, शिवाय गवत लावण्याच्या खर्चात वाटा. देशभर एकूण २.७ कोटी एकरांची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे नोंदणी खुली आहे का ते एफएसएला विचारूनच पुढे जा.

दोन अटी नव्या मालकांना अडवतात. जमीन किमान १२ महिने तुमच्या मालकीची हवी. वारशाने आली असेल तर गोष्ट वेगळी. आणि त्या पट्ट्याला पिकाचा इतिहास हवा, पडीक कड चालत नाही. तुमच्याकडे मका-सोयाबीन होतंय म्हणजे इतिहास आहे. बारा महिन्यांची वाट तेवढी पाहावी लागेल.

मालक की कसणारा, याचं उत्तर: ज्याच्या ताब्यात कराराच्या पूर्ण मुदतीत जमीन आहे असं दाखवता येईल, तो अर्ज करतो. खंडकरी करू शकतो, पण मग तुमची लेखी संमती आणि तेवढ्या मुदतीचा खंडाचा कागद लागतो. दोघांनी मिळून करून हिस्सा वाटूनही घेता येतो. मालकाने खंडकऱ्याला परस्पर काढून टाकून जमीन सीआरपीत घालणं नियमात बसत नाही. आणि नियम नसता तरी करू नये. शेजारी आयुष्यभराचा असतो. आधी त्यांच्याबरोबर बसा, चराकडेचा किती रुंदीचा पट्टा सोडायला ते तयार आहेत ते विचारा. कित्येकदा तिथे ओलीमुळे पीकच येत नसतं, ते आनंदाने सोडतात.

नीलेश_एच१

माझा प्रश्न थोडा वेगळा. आम्ही दोघंही एच-१बी वर आहोत, इंडियानात १२ एकर पाहतोय. घेता येईल का आणि या योजना मिळतील का?

वकिलीण_टेक्सास

नीलेश, आधी एक कायदा माहीत असू द्या: १९७८ चा अफिडा. अमेरिकन नागरिक नसलेल्या आणि ग्रीन कार्डही नसलेल्या व्यक्तीने शेतजमीन घेतली तर ९० दिवसांच्या आत एफएसए-१५३ हा फॉर्म भरून कळवावं लागतं. एच-१बी त्यात येतो. जमीन १० एकर किंवा कमी असेल आणि तिच्या उत्पन्नाची वार्षिक विक्री हजार डॉलरच्या वर नसेल तर सूट आहे, पण तुमची १२ एकर आहे. न कळवल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या कित्येक लोकांना हे ठाऊकच नसतं, कारण घर घेताना असलं काही विचारत नाहीत आणि रिअल इस्टेट एजंटही सांगत नाही.

परदेशी मालकीबद्दल राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत आणि गेल्या काही वर्षांत ते झपाट्याने बदललेत. इंडियानाचा आजचा कायदा तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या, मगच बयाणा द्या.

योजनांच्या बाबतीत: नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याला एफएसएची बरीचशी देयकं तेव्हाच मिळतात, जेव्हा जमीन, भांडवल आणि स्वतःचे भरीव शारीरिक श्रम हे तिन्ही तो देतो. पण एच-१बी वर असताना स्वतःच्या शेतात कमाईसाठी राबणं हाच इमिग्रेशनचा नाजूक प्रश्न आहे. त्या वकिलाचा सल्ला वेगळा घ्या. या दोन्ही गोष्टींचा उलगडा होईपर्यंत जमीन खंडाने देणं मला सुरक्षित वाटतं.

बांधावरून

मी जालना जिल्ह्यातून वाचतोय. तुमच्या देशातलं सगळं कळलं असं नाही, पण 'सही होईपर्यंत कुदळ मारू नका' हे वाचून मान डोलावली. आमच्याकडे महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज मंजूर झाला तरी पूर्वसंमतीचं पत्र निघण्याआधीच्या तारखेचं बिल चालत नाही. अल्पभूधारकाला ८० टक्के अनुदान आहे, इतरांना ७५. तरी दुकानदाराच्या घाईला बळी पडून आधी संच उचलणारे दर वर्षी असतात, आणि मग कृषी सहायकाच्या नावाने बोटं मोडतात.

तिकडचा माणूस खरंच शेतावर येऊन आराखडा काढून देतो का? आमच्याकडे एका कृषी सहायकाकडे इतकी गावं असतात की चांगला माणूससुद्धा पुरा पडत नाही.

मॉमीकाठ

दादा, येतात. उशिरा येतात, पण येतात. यामागे इतिहास आहे. १९३० च्या दशकात इथल्या मैदानी भागात नांगरलेली माती वाऱ्याने उडून गेली, धुळीचे ढग थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत आले. ह्यू बेनेट नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने पाठपुरावा केला आणि १९३५ मध्ये सॉइल कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस स्थापन झाली. तीच आजची एनआरसीएस, नाव १९९४ मध्ये बदललं. पण वॉशिंग्टनचा माणूस शेतात आलेला शेतकऱ्यांना रुचणार नाही हे तेव्हाच ओळखलं गेलं, म्हणून जागोजागी स्थानिक डिस्ट्रिक्ट काढले. पहिला १९३७ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनात. आज देशात सुमारे ३,००० आहेत. शेतकऱ्यानेच निवडलेल्या मंडळाकडून तांत्रिक माणूस येतो, ही रचना मला फार मोलाची वाटते.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. सुजाता, खंडकऱ्यांशी बोलायचं तुमचं म्हणणं पटलं, या रविवारीच बोलते.

चिबड तुकड्याचं काय करू? नवरा म्हणतोय की जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकून घेऊ, इथे सगळे टाकतात.

मॉमीकाठ

ताई, इथे घाई करू नका. या एका निर्णयावर बाकीचं सगळं अवलंबून आहे.

तुमच्या उत्तरेचा मोठा मुलूख एके काळी ग्रेट ब्लॅक स्वॉम्प होता, मॉमी नदीच्या खोऱ्यातली अफाट दलदल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि मातीच्या नळ्या पुरून ती कोरडी केली. म्हणून इथली माती इतकी काळी आणि सकस, आणि म्हणूनच संधी मिळेल तिथे पाणी परत वर येतं. तुमच्या शेतात जुन्या नळ्या बहुधा असतीलच. एखादी फुटली किंवा गाळाने बुजली असेल, त्याने चिबड झाली असेल.

कायदा असा: २३ डिसेंबर १९८५ नंतर पाणथळ जमिनीचा निचरा करून तिथे पीक घेतलं, तर यूएसडीएच्या लाभांवर पाणी सोडावं लागतं. १९९० च्या नोव्हेंबरनंतर तर पीक घेण्याआधी, निचरा करून जमीन पिकायोग्य केली एवढंही पुरतं. २०१४ पासून पीकविम्याच्या हप्त्यावरचं अनुदानही यात आलं. त्या तुकड्यात तुमचे खंडकरी पेरत असतील तर फटका त्यांनाही बसू शकतो. तुकडा १९८५ पूर्वीच निचरा केलेला असेल तर आहे ती व्यवस्था दुरुस्त करायला सहसा हरकत नसते. कुठल्या प्रकारात बसतो हे ठरवायचा अधिकार एनआरसीएसचा. एडी-१०२६ वर नव्या निचऱ्याचं काम लिहून लेखी निर्णय मागवा आणि तो हातात आल्यावरच यंत्र बोलवा. जमिनीचा नकाशा घरबसल्या पाहायचा असेल तर वेब सॉइल सर्व्हे ही सरकारी साइट मोफत आहे. आपलं शेत आखा, मातीचा प्रकार आणि निचऱ्याची प्रत दिसते.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मला मनाला लागलेली आहे. २०१४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला टोलेडो शहराचं पाणी बंद झालं. लेक एरीत शेवाळ माजून मायक्रोसिस्टिन हे विष नळाच्या पाण्यात आलं, चार लाखांवर लोकांना तीन दिवस पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता. त्या शेवाळाचं खाद्य म्हणजे फॉस्फरस, आणि त्याचा मोठा भाग मॉमी खोऱ्यातल्या आमच्या-तुमच्या शेतांतून जातो, विरघळलेला बराचसा याच नळ्यांतून. फिंडलेच्या ब्लँचर्ड नदीचं पाणी पुढे मॉमीत आणि तिथून लेक एरीत जातं. तुमच्या चरातलं पाणी टोलेडोच्या तोंडाशी जातं.

म्हणूनच २०१९ मध्ये राज्याने एच२ओहायो ही पाणी सुधारण्याची योजना सुरू केली. पहिल्या १४ काउंट्यांत तुमची हॅनकॉक होतीच, पुढे लेक एरीच्या पश्चिम खोऱ्यातल्या २४ काउंट्या झाल्या. माती तपासून अन्नद्रव्यांचा आराखडा करायचा, खत मोजून आणि मातीच्या आत द्यायचं, आच्छादन पीक घ्यायचं, त्याचे एकरी पैसे. हे कसणाऱ्यासाठी आहे, म्हणजे तुमच्या खंडकऱ्यांसाठी, आणि दार डिस्ट्रिक्टचं. त्यांनी आधीच घेतलं असेल, विचारा. अर्थसंकल्पाप्रमाणे कामांची यादी बदलते, तेव्हा चालू वर्षाचं तिथूनच कळेल.

चिबड तुकडा लहान असेल तर तो पाणथळच राहू द्यावा, कडेने देशी गवत आणि फुलझाडं लावावीत, असं माझं मत. अशा कामालाही पैसा मिळतो.

साधामाणूस

मी थोडा विरुद्ध सूर लावतो. माहिती सगळी बरोबर आहे, पण सरकारी करार म्हणजे हातात पैसा नव्हे. २०२२ च्या कायद्याने संवर्धन योजनांना १९.५ अब्ज डॉलर जास्तीचे दिले, लोकांनी त्यावर विसंबून करार केले, आणि २०२५ च्या सुरुवातीला देयकं गोठली. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने कुंपण आणि पाण्याची टाकी कर्ज काढून करून ठेवली होती. पैसे उशिरा का होईना आले, पण मधल्या काळातलं व्याज त्यांचं त्यांनीच भरलं. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकार ठप्प झालं तेव्हा काही आठवडे दारंच बंद. कर्मचारीही कमी झालेत. मी स्वतः चराच्या कडेला स्वखर्चाने गवत लावलं, कुणाच्या सहीची वाट पाहिली नाही.

सुजाता_डी_मॉईन

साधामाणूस, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो इथे यायलाच हवा होता. सहा महिने पैसा उशिरा आला तरी निभेल एवढंच काम करारात घ्यावं, बाकीचं पुढच्या वर्षी. पण स्वखर्चाने गवत सगळ्यांना परवडत नाही. आणि अर्ज येणंच थांबलं तर काउंटीतला उरलासुरला तांत्रिक माणूसही राहणार नाही, याची मला भीती वाटते.

रानवारा

खंडकऱ्यांशी बोलले. चराकडेचा पट्टा सोडायला ते तयार आहेत, तिथे दर वर्षी बी कुजतं म्हणाले. एच२ओहायोत ते आधीपासूनच आहेत. चिबड तुकड्यात जुनी नळी कुठून जाते तेही त्यांना साधारण माहीत आहे. सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली आहे, चराचे आणि तुकड्याचे फोटो काढून ठेवलेत. निचरा लेखी निर्णयापर्यंत थांबवला, नवराही तयार झाला.

शेवटचं एक: मालमत्ता करात शेतीची सवलत असते ना? ती याच ऑफिसात?

मॉमीकाठ

नाही, ती काउंटी ऑडिटरकडे. ओहायोत तिला सीएयूव्ही म्हणतात. १० एकर किंवा जास्त जमीन व्यापारी शेतीत असेल तर बाजारभावाऐवजी शेतीच्या मोलावर कर बसतो. १० एकरांखाली असेल तर वर्षाला सरासरी २,५०० डॉलरचं ढोबळ उत्पन्न दाखवावं लागतं. तुमचे खंडाचे १५ एकर धरले जातील. घराखालची जागा वगळतात. जुन्या मालकाची सवलत चालू असली तरी मालक बदलल्यावर नव्याने अर्ज लागतो, २५ डॉलर एकदाच. अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या सोमवारपासून मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत. सीआरपीत घातलेला पट्टा सवलतीतच राहतो. पुढे कधी जमीन शेतीतून काढलीत तर मागच्या तीन वर्षांत वाचलेला कर परत भरावा लागतो. खंडाच्या कागदाची प्रत बरोबर न्या.